दहावीचा जादा वेळ तिसरीतच मागावा लागतो

महाराष्ट्रातल्या शालेय शिक्षणाचा बहुतेक कारभार पुण्यातून चालतो. दहावी-बारावीच्या परीक्षा घेणारं राज्य मंडळ शिवाजीनगरला आहे. पाठ्यपुस्तकं तयार करणारी बालभारती सेनापती बापट रस्त्यावर आहे, तर अभ्यासक्रम आणि शिक्षक-प्रशिक्षण सांभाळणारी एससीईआरटी सदाशिव पेठेत, कुमठेकर रस्त्यावर. दिव्यांगत्व तपासून प्रमाणपत्र देणारं ससून रुग्णालय स्टेशनाजवळ आहे आणि राज्यभरातल्या दिव्यांगांच्या तक्रारी ज्यांच्यापुढे जातात त्या आयुक्तांचं कार्यालय चर्च पथावर. गडचिरोलीतल्या पालकाला ज्या कार्यालयासाठी रात्रभर प्रवास करावा लागतो, ते कोथरूडच्या किंवा हडपसरच्या पालकाला रिक्षाने गाठता येतं. तरीही दर वर्षी दहावीची परीक्षा तोंडावर आली की याच शहरात पालकांची धावपळ सुरू होते. मुलाला अक्षरं नीट उतरवता येत नाहीत हे घरात आणि शाळेत पाच-सात वर्षांपासून माहीत असतं. पण प्रमाणपत्राचा कागद हातात नसतो, आणि तो एका आठवड्यात मिळत नाही.

अशा पालकाला शाळेत एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं : ‘आमच्याकडे अशा मुलांची सोय नाही.’ पिढ्यानपिढ्या हे वाक्य कुणी अडवलं नाही. आता कायदा अडवतो.

हा कायदा म्हणजे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016. तो 19 एप्रिल 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या 1995च्या कायद्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते. अंधत्व, अल्पदृष्टी, कुष्ठमुक्त, कर्णबधिरत्व, हालचालीतली अडचण, बौद्धिक अक्षमता आणि मानसिक आजार. नव्या कायद्याने ही यादी 21 पर्यंत नेली आणि त्यामुळे वर्गातली अनेक मुलं पहिल्यांदाच कायद्याला दिसू लागली. वाचता-लिहिताना किंवा गणित करताना अडखळणारं अध्ययन अक्षमतेचं मूल त्यात आलं, तसंच स्वमग्न मूलही. वाचादोष, स्नायूंचा क्षय आणि ठेंगूपणाही यादीत आले. रक्ताचे आजारही आले : हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकलसेल. विदर्भात आणि नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे. असं मूल वर्गात इतर मुलांसारखंच दिसतं, पण वेदनेच्या झटक्यामुळे त्याची शाळा पुन्हा पुन्हा बुडते. त्याची हजेरी कमी भरली म्हणून त्याला परीक्षेपासून अडवायचं का, हा प्रश्न आता निव्वळ मुख्याध्यापकांच्या मर्जीचा राहिलेला नाही.

कायद्याचं सोळावं कलम प्रत्येक पालकाने एकदा तरी स्वतः वाचावं. ते लहान आहे. सरकारकडून अनुदान घेणाऱ्या शाळांबरोबरच, सरकारची केवळ मान्यता असलेल्या शाळांनाही ते कवेत घेतं. म्हणजे महापालिकेची शाळा जशी त्यात येते, तशी लाखभर फी घेणारी मान्यताप्राप्त इंग्रजी माध्यमाची शाळाही येते. भेदभाव न करता प्रवेश द्या, खेळ आणि इतर उपक्रमांत सामील करून घ्या, इमारत आणि वर्ग पोहोचण्याजोगे ठेवा, मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोयी द्या, अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखा आणि त्यावर उपाय करा, मुलाचा सहभाग आणि प्रगती यांच्यावर लक्ष ठेवा, असं हे कलम सांगतं. दिव्यांग मुलांसाठी, आणि ज्यांना फार आधाराची गरज आहे त्यांच्या मदतनीसासाठीही, वाहनाची जबाबदारी त्यात आहे.

यातली ‘अक्षमता ओळखा’ ही तरतूद बहुतेकांच्या नजरेतून सुटते. मुलाच्या अडचणीचा शोध घेणं हे कायद्याने शाळेचं काम आहे. शाळेतून चिठ्ठी येते ती मात्र ‘पाल्य अभ्यासात लक्ष देत नाही, खासगी शिकवणी लावावी’ अशी. एनसीईआरटीने 2022 मध्ये ‘प्रशस्त’ नावाचं ॲप काढलं. त्यातल्या प्रश्नावलीच्या आधारे वर्गशिक्षकाला मुलाची प्राथमिक चाचपणी करता येते. ते निदान नव्हे, तो डॉक्टरांकडे पाठवायचा इशारा आहे. तेवढं झालं तरी पुष्कळ मुलांची वर्षं वाचतील.

‘वाजवी सोय’ म्हणजे काय, यावरून सगळ्यात जास्त वाद होतात. शाळेवर अवाजवी बोजा न टाकता, त्या विशिष्ट मुलाला इतरांच्या बरोबरीने शिकता यावं म्हणून केलेला आवश्यक बदल, असा तिचा कायद्यातला अर्थ. जुन्या तीन मजली इमारतीत उद्या लिफ्ट बसवा, असं एखाद्या लहान संस्थेला सांगणं कदाचित जड जाईल. पण सातवी ‘ब’चा वर्ग दुसऱ्या मजल्यावरून तळमजल्यावर आणायला एक रुपयाही लागत नाही. कमी ऐकू येणाऱ्या मुलीला पहिल्या बाकावर बसवणं, फळ्यावर लिहिताना पाठमोरं होऊन न बोलणं, अल्पदृष्टीच्या मुलाला प्रश्नपत्रिका मोठ्या टायपात काढून देणं, स्वमग्न मुलाला गोंगाट असह्य झाला तर दहा मिनिटं ग्रंथालयात बसू देणं, ही सगळी वाजवी सोयच. आणि भेदभावाच्या व्याख्येतच एक महत्त्वाची गोष्ट आहे. वाजवी सोय नाकारणं हा या कायद्याने भेदभाव ठरतो. शाळेने प्रवेश दिला, फी घेतली, वर्गात बसवलं आणि मग सोय नाकारली, तरीही तो भेदभावच.

इथे शिक्षण हक्क कायद्याचीही जोड आहे. 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या या कायद्यात 2012 मध्ये दुरुस्ती झाली आणि दिव्यांग मुलं वंचित घटकात धरली गेली. त्यामुळे खासगी विनाअनुदानित शाळांतल्या 25 टक्के राखीव जागांवर त्यांचा हक्क आहे, आणि त्यासाठी पालकाला उत्पन्नाचा दाखला लागत नाही. पुण्यातल्या अनेक पालकांना ही 25 टक्क्यांची सोडत फक्त गरिबांसाठी आहे असं वाटतं आणि ते अर्जच भरत नाहीत. सरकारी शाळेपासून एक किलोमीटरच्या आतल्या खासगी शाळांना या जागांतून सूट देण्याचा नियम राज्याने 2024 मध्ये आणला होता. मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षीच्या जुलैत तो रद्द केला. प्रवेशाच्या वेळी मुलाची किंवा पालकांची मुलाखत-चाचणी घेणंही याच कायद्याने बंद आहे. पहिल्यांदा घेतली तर 25 हजार, त्यापुढे प्रत्येक वेळी 50 हजार रुपयांपर्यंत दंड आहे. आणि प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाचं नाव शाळेतून काढता येत नाही. ‘दाखला घेऊन जा, दुसरी शाळा बघा’ असं तोंडी सुचवलं गेलं की पालकांनी घाबरून दाखला उचलू नये.

आता पुन्हा त्या कागदाकडे.

अध्ययन अक्षमतेच्या बाबतीत महाराष्ट्राचा इतिहास अभिमान वाटावा असा आहे. 2016चा कायदा येण्याच्या वीस वर्षं आधी, 1996 मध्ये, या मुलांना परीक्षेत अधिकृत सवलती देणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य ठरलं. मुंबईतल्या डॉक्टरांनी, विशेष शिक्षकांनी आणि पालकांनी त्यासाठी पाठपुरावा केला होता. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातला अध्ययन अक्षमतेचा विभाग त्यातला एक आधार. राज्यभरातून मुलं तिथे तपासणीसाठी जात. पुढे 2007 मध्ये अमोल गुप्ते यांच्या कथेवरचा ‘तारे जमीन पर’ आला, ज्याचं बरंच चित्रण पाचगणीच्या न्यू एरा शाळेत झालं होतं, आणि डिस्लेक्सिया हा शब्द घराघरांत पोहोचला. शब्द पोहोचला, पण तपासणीची व्यवस्था त्या वेगाने वाढली नाही. मुंबई-पुण्याबाहेरच्या पालकाला आजही मानसशास्त्रज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि विशेष शिक्षक एका जागी सापडणं कठीण आहे.

केंद्र सरकारने जानेवारी 2018 मध्ये अध्ययन अक्षमता मोजण्याची पद्धत ठरवली. त्यानुसार प्रमाणपत्रासाठी मुलाचं वय किमान आठ वर्षं असावं लागतं. त्यापूर्वी अक्षरं उलटी येणं, ओळ चुकणं हे वाढीचाच भाग असू शकतं. मग चौदाव्या वर्षी आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी होते, आणि अठराव्या वर्षीचं प्रमाणपत्र कायमचं. आठ वर्षांचं मूल म्हणजे तिसरीतलं मूल. तेव्हा सुरुवात झाली तर वाचनाचे खास धडे देता येतात, इयत्ता दर इयत्ता कोणती सोय उपयोगी पडते हे कळतं आणि चौदाव्या वर्षीची फेरतपासणी आठवी-नववीत आपोआप येते. दहावीचा अर्ज भरताना कागद तयार असतो. नववीच्या उन्हाळ्यात पहिल्यांदा जागं झालेल्या पालकाला यातलं काहीच मिळत नाही. त्याला फक्त प्रमाणपत्र मिळतं, तेही वेळेत मिळालं तर. मधल्या सहा वर्षांत मूल स्वतःला ‘ढ’ समजायला शिकलेलं असतं, आणि ते कुठल्याही प्रमाणपत्राने सहज पुसलं जात नाही.

या प्रमाणपत्रासोबत आता यूडीआयडी कार्ड येतं. ‘स्वावलंबन’ पोर्टलवर अर्ज करायचा, नेमून दिलेल्या सरकारी रुग्णालयात तपासणी करून घ्यायची आणि कार्ड मिळवायचं. दिव्यांगत्व 40 टक्क्यांहून कमी असेल तर कार्डावर पांढरा पट्टा येतो, 40 ते 80च्या मध्ये पिवळा आणि त्यावर निळा. या 40 टक्क्यांच्या रेषेला कायदा ‘लक्षणीय दिव्यांगत्व’ म्हणतो. सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणातल्या पाच टक्के राखीव जागा, सहा ते अठरा वयोगटातलं मोफत शिक्षण असे काही हक्क या रेषेच्या वरच्यांना आहेत. त्यामुळे सगळेच हक्क या रेषेवर अडतात, असा समज कार्यालयांनी करून घेतला. तो चुकीचा आहे, हे सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं.

पहिलं प्रकरण 2021च्या फेब्रुवारीतलं. लिहिताना हात आखडणाऱ्या एका उमेदवाराला यूपीएससीने लेखनिक नाकारला होता, कारण त्याचं दिव्यांगत्व 40 टक्क्यांच्या रेषेत बसत नव्हतं. न्या. धनंजय चंद्रचूड यांनी खंडपीठाचा निकाल लिहिला. ज्याला लिहिता येत नाही त्याला लेखनिक मिळालाच पाहिजे, टक्केवारी काहीही असो, असा त्याचा गाभा आहे. 

दुसरं प्रकरण त्याच वर्षीच्या सप्टेंबरमधलं, आणि ते शाळा-कॉलेजच्या जगाला जास्त जवळचं. डिसग्राफिया, म्हणजे लेखनाची अक्षमता असलेली एक विद्यार्थिनी मुंबईत नीट परीक्षेला बसली. तीन तासांच्या पेपरला तिला एक तास जादा मिळायला हवा होता. केंद्रावरच्या माणसांना तो नियमच ठाऊक नव्हता. इतरांबरोबर तिचीही उत्तरपत्रिका काढून घेतली गेली. मुंबई उच्च न्यायालयातून ती सर्वोच्च न्यायालयात गेली आणि नोव्हेंबरमध्ये निकाल लागला. लाखो मुलांची परीक्षा होऊन गेल्यावर तिच्यासाठी ती पुन्हा घेणं शक्य नाही, असं न्यायालय म्हणालं. पण तिच्यावर झालेला अन्याय कसा दूर करायचा ते परीक्षा घेणाऱ्या संस्थेनेच ठरवावं, असा आदेशही दिला. समावेशक शिक्षणाचे हक्क सगळ्या दिव्यांग विद्यार्थ्यांना आहेत, फक्त 40 टक्क्यांच्या वरच्यांना नाहीत, हे या निकालाने स्पष्ट केलं. त्या मुलीची चूक काहीच नव्हती. कागद होता, नियम होता, तरी गमावलेला तास परत आला नाही. म्हणून प्रवेशपत्र हातात आलं की केंद्रसंचालकांना आधीच भेटून, जादा वेळेचं पत्र दाखवून, त्यावर त्यांची सही घेणं ही पालकाची खबरदारी असायला हवी.

ऑक्टोबर 2024 मधला तिसरा निकाल महाराष्ट्रातल्याच एका विद्यार्थ्यामुळे आला. वाचादोष असलेल्या या मुलाचं दिव्यांगत्व 40 टक्क्यांहून अधिक भरलं आणि तेवढ्यावरूनच त्याला एमबीबीएससाठी अपात्र ठरवलं गेलं. म्हणजे कमी टक्के भरले तर राखीव जागा नाही आणि जास्त भरले तर प्रवेशच नाही. आकडा पाहून दार बंद करू नका, हा मुलगा अभ्यासक्रम पुरा करू शकेल का ते वैद्यकीय मंडळाने तपासून सांगावं, असं न्यायालयाने बजावलं. त्याला प्रवेश मिळाला.

आता लेखनिक. पोरं आणि पालक त्याला ‘रायटर’ म्हणतात, आणि पुण्यात रायटर शोधणं ही परीक्षेच्या मोसमातली एक मोठी खटपट असते. दहावीच्या विद्यार्थ्याचा रायटर त्याच्याहून खालच्या इयत्तेतला असावा लागतो. म्हणजे नववीतलं मूल हवं. त्याची स्वतःची परीक्षा जवळ आलेली, त्याच्या आईवडिलांना आपल्या मुलाचे सहा-सात दिवस जातील ही काळजी. अंध विद्यार्थ्यासाठी रायटरचं अक्षर चांगलं असणं पुरेसं नसतं. त्याला प्रश्न स्पष्ट वाचता यावा लागतो, सांगितलेला शब्द जसाच्या तसा लिहिता यावा लागतो आणि संस्कृतचे विसर्ग किंवा रसायनशास्त्रातली सूत्रं ऐकून उतरवता यावी लागतात. आणि सांगणाऱ्यालाही सराव लागतो. परिच्छेद तोंडाने सांगायचा, आधी काय सांगितलं ते ध्यानात ठेवायचं, मध्येच सुधारायचं, हे आयत्या वेळी जमत नाही. चांगल्या अंध शाळांमध्ये घटक चाचणीपासूनच मुलं रायटरबरोबर बसतात. सर्वसाधारण शाळांत बोर्डाच्या पेपरला रायटर पहिल्यांदा भेटतो.

पुण्यात या कामाला मनापासून हात लावणारी माणसं पुष्कळ आहेत. मीरा बडवे यांच्या ‘निवांत अंध मुक्त विकासालया’ने अंध महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी वाचून दाखवणाऱ्या, लिहून देणाऱ्या स्वयंसेवकांची परंपरा उभी केली. निवृत्त शिक्षक, गृहिणी आणि आयटीतली मंडळी शनिवार-रविवार त्यासाठी देतात. हे सारं मोलाचं आहे. पण परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेने स्वतः रायटरांची यादी ठेवावी, ही अपेक्षा केंद्र सरकारच्या 2018च्या मार्गदर्शक सूचनांतही आहे. स्वयंसेवकांच्या चांगुलपणावर हक्क कायमचा टांगून ठेवता येणार नाही.

वेळेचा हिशेब सोपा आहे. दर तासाला किमान वीस मिनिटं जादा. म्हणजे तीन तासांच्या मराठीच्या पेपरला एक तास आणि दोन तासांच्या गणित भाग एकला चाळीस मिनिटं. याखेरीज राज्य मंडळ दिव्यांगत्वाच्या प्रकाराप्रमाणे वेगवेगळ्या सवलती देतं. अंध विद्यार्थ्याला आकृत्या आणि नकाशांतून सूट मिळते, गणन-अक्षमतेच्या मुलाला कॅल्क्युलेटर वापरता येतो, काहींना एखाद्या भाषेतून सूट मिळते, तर चालता न येणाऱ्याची बैठक तळमजल्यावर ठेवतात. अर्ज शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातो. पुणे विभागीय मंडळात पुण्यासह अहिल्यानगर आणि सोलापूर हे जिल्हे येतात. यादीत नसलेली सोयही मागता येते. 2019च्या दहावीत मुंबईतल्या एका दिव्यांग विद्यार्थिनीने आयपॅडवर पेपर सोडवण्याची परवानगी मागितली आणि मंडळाने ती दिली.

इथे पालकांना एक सावधगिरीचा शब्द सांगायला हवा. मिळेल ती प्रत्येक सवलत घ्यायलाच हवी असं नाही. बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचं अंकगणित घेण्याची मुभा अध्ययन अक्षम मुलांना दीर्घकाळ मिळत आली आहे. त्याने दहावी पार पडते, पण पुढे गणित लागणाऱ्या वाटा अरुंद होतात. ज्या मुलाला आकडे उतरवताना गोंधळ होतो पण तर्क पक्का आहे, त्याला गणित सोडण्यापेक्षा कॅल्क्युलेटर आणि जादा वेळ जास्त उपयोगी. हा निर्णय मुलाला विचारून, विशेष शिक्षकाशी बोलून घ्यावा. शेजारच्या मुलाने काय घेतलं ते पाहून घेऊ नये.

पुस्तकांचं दुखणं वेगळं. अंध किंवा छापील मजकूर वाचू न शकणाऱ्या मुलासाठी कोणतंही पुस्तक ब्रेल, ध्वनिमुद्रण किंवा डिजिटल रूपात तयार करायला लेखक-प्रकाशकाची परवानगी लागत नाही. 2012 मध्ये आपल्या कॉपीराइट कायद्यात तशी दुरुस्ती झाली, आणि 2014 मध्ये यासंबंधीचा जागतिक माराकेश करार मान्य करणारा पहिला देश भारत ठरला. ‘सुगम्य पुस्तकालय’ या ऑनलाइन ग्रंथालयात 2016 पासून अशी पुस्तकं साठवली जात आहेत. बालभारतीची पुस्तकं पीडीएफ रूपात फुकट उतरवून घेता येतात, मात्र मजकूर युनिकोडमध्ये नसेल तर स्क्रीन रीडर तो वाचू शकत नाही. शाळेच्या नोट्स, प्रश्नसंच आणि व्हॉट्सॲपवर पाठवलेले हस्ताक्षरातले फोटो तर अंध मुलासाठी कोरे कागद असतात. शिक्षकांनी त्याच नोट्स युनिकोड मराठीत टंकून पाठवल्या, तर मुलाचा फोन त्या वाचून दाखवतो.

आणि हे सगळं वर्गात करणार कोण? सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2021 मध्ये केंद्र सरकारला प्रमाण ठरवायला सांगितलं आणि 2022 मध्ये ते ठरलं. प्राथमिकला दहा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक, त्यापुढच्या वर्गांना पंधरांमागे एक. मार्च 2025 मध्ये पदं जाहीर करा म्हणून न्यायालयाने राज्यांना पुन्हा खडसावलं. महाराष्ट्राने 2024 मध्ये 4,860 विशेष शिक्षकांची पदं मंजूर केली, शाळांच्या प्रत्येक केंद्राला एक. आतापर्यंत कंत्राटावर तुटपुंज्या मानधनात राबणाऱ्या शिक्षकांना त्यामुळे स्थैर्य मिळण्याची वाट खुली झाली, हे मोठं पाऊल आहे. पण एका केंद्रात दहा-पंधरा शाळा असतात. फिरता विशेष शिक्षक एका शाळेत आठवड्याला फार तर एकदा पोहोचेल. उरलेले पाच दिवस मूल वर्गशिक्षकाच्या हाती असतं, आणि बहुतेक वर्गशिक्षकांना याचं प्रशिक्षण डीएडच्या एखाद्या प्रकरणापुरतं मिळालेलं असतं.

अमेरिकेतून पुण्यात परतलेल्या मराठी कुटुंबांना तिथला आणि इथला फरक फार जाणवतो. तिथे 1975च्या कायद्यापासून प्रत्येक दिव्यांग मुलाचा स्वतंत्र शैक्षणिक आराखडा लिहावा लागतो. मुलाला काय येतं, वर्षभरात काय यायला हवं, कोण किती तास काय शिकवणार, हे त्यात असतं. पालक त्या बैठकीला हजर असतात आणि शाळेने आराखडा पाळला नाही तर दाद मागता येते. आपल्या कायद्यात मुलाला व्यक्तिगत आधार द्या असं म्हटलं आहे, पण तो कोणत्या कागदावर, कुणाच्या सहीने, हे बांधून दिलेलं नाही. ही खरी उणीव आहे. राज्याला अशा आराखड्याचा दोन पानांचा नमुना ठरवून सगळ्या शाळांना सक्तीचा करायला नवा कायदा लागणार नाही, एक शासन निर्णय पुरेल. तो निघायला हवा.

विशेष शाळांची गरज संपली, असा याचा अर्थ कुणी काढू नये. मुंबईत 1885 मध्ये मूकबधिरांची शाळा निघाली. पुण्यात कोरेगाव पार्कची अंध शाळा 1934 पासून आणि ‘कामायनी’ 1964 पासून काम करते आहे. सर्वसाधारण शाळांनी पाठ फिरवली होती त्या काळात या संस्थांनी मुलांना हातात घेतलं. ब्रेल आणि खुणांची भाषा शिकवणं, बौद्धिक अक्षम मुलाला स्वतःची कामं स्वतः करायला शिकवणं, हे ज्ञान आजही मुख्यतः तिथेच आहे. 2016चा कायदा मुलाला आणि पालकाला निवड देतो. घराजवळची शाळा किंवा विशेष शाळा. मात्र निवड तेव्हाच खरी, जेव्हा घराजवळची शाळा दार उघडते. ‘त्या मुलांसाठी वेगळी शाळा आहे ना’ असं म्हणून ती जबाबदारी झटकू लागली, तर निवड उरत नाही.

इमारतींचं काम सगळ्यात मागे आहे. कायद्याने सार्वजनिक वापराच्या जुन्या इमारतींना जी पाच वर्षांची मुदत दिली होती ती जून 2022 मध्येच उलटून गेली. बऱ्याच शाळांत रॅम्प दिसतो, पण तो पाहणी अधिकाऱ्यांसाठी बांधलेला असतो. एक फूट उंचीसाठी किमान बारा फूट लांबीचा उतार हवा, हा नियम. प्रत्यक्षात इतका उभा चढ असतो की चाकाची खुर्ची दोघांनी ढकलावी लागते. रॅम्प संपतो तिथे उंबरठा असतो. स्वच्छतागृहाचं दार खुर्चीपेक्षा अरुंद असतं, म्हणून मुली दिवसभर पाणी पीत नाहीत. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे नियम ऐच्छिक ठेवता येणार नाहीत, बंधनकारक असलेच पाहिजेत, असा निकाल दिला आहे. शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत एखाद्या पालकाने हा विषय मांडायला हरकत नाही.

पुण्यातल्या एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या प्रकरणाने 2024 मध्ये दिव्यांग प्रमाणपत्रांवर देशभर चर्चा झाली. तेव्हापासून खऱ्या गरजू मुलांकडेही संशयाने पाहिलं जातं, ‘सवलतीसाठी नाटक’ असं बोललं जातं. खोटं सांगून लाभ उकळणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा कायद्यातच आहे. ते काम यंत्रणेने करावं. वर्गात बसलेल्या मुलाची झडती शिक्षकाने घेऊ नये. चारचौघांत दिव्यांग व्यक्तीचा हेतुपुरस्सर अपमान करणं हाही याच कायद्याखाली गुन्हा आहे, आणि त्याला किमान सहा महिन्यांची कैद आहे.

तक्रार करायची वेळ आली तर वाट अशी. आधी मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज. मग महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे किंवा जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे. तिथे दाद लागली नाही तर चर्च पथावर दिव्यांग आयुक्तांकडे. त्यांना साक्षीदार बोलावण्याचे, कागदपत्रं मागवण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. त्यांनी शिफारस केली की संबंधित कार्यालयाला तीन महिन्यांच्या आत कारवाई करून कळवावं लागतं. वकील लागत नाही. पण लागतो तो लेखी पुरावा, आणि इथेच बहुतेक पालक मार खातात. बाईंशी बोलणं झालेलं असतं, सरांनी ‘बघू’ म्हटलेलं असतं, आणि कागदावर काहीच नसतं.

म्हणून पालकांना एवढीच विनंती. तिसरीतलं मूल वाचताना अडखळत असेल तर शिकवणी लावण्याआधी तपासणी करा. जूनमध्ये शाळा सुरू झाली की मुलाला कोणत्या सोयी हव्यात ते अर्जात लिहा. मराठीत, साध्या शब्दांत, एका पानात, कायद्याच्या सोळाव्या कलमाचा उल्लेख करून. दर वर्षी वर्गशिक्षक बदलले की तो पुन्हा द्या. अर्जावर शाळेचा आवक क्रमांक आणि शिक्का घ्या, आणि शाळा पोच देत नसेल तर तोच अर्ज त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पाठवा.